पाय मुरगळला तर: पहिल्या दहा मिनिटांपासून परत गड चढेपर्यंत काय काय करायचं

पावसाळा आला की रस्त्यावर खड्डे पडतात आणि लोकांचे पाय मुरगळतात. खड्डा नसला तर जिन्याची शेवटची पायरी, नाहीतर गड उतरताना शेवाळलेला कातळ, नाहीतर मिरवणुकीत नाचताना कुणाच्या तरी चपलेवर पडलेला आपला पाय. प्रकार बहुतेक वेळा एकच असतो, पाऊल आतल्या बाजूला वळतं, अंगाचं सगळं वजन पावलाच्या बाहेरच्या कडेवर येतं आणि घोट्याच्या बाहेरच्या बाजूचे लिगामेंट (हाडाला हाड बांधून ठेवणारे पट्टे) ताणले जातात किंवा फाटतात. तिथे तीन लिगामेंट असतात आणि त्यातला पुढचा सगळ्यात आधी जातो, म्हणून दुखणं आणि सूज बाहेरच्या घोट्याच्या जरा पुढे आणि खाली दिसते.

आपल्याकडे यावर दोन टोकाचे उपाय चालतात. एक म्हणजे लगेच गरम तेल लावून खसाखसा चोळणं नाहीतर कुणाकडनं तरी 'जागेवर बसवून' घेणं, आणि दुसरं म्हणजे महिनाभर पाय जमिनीला लावायचा नाही म्हणून पलंगावर पडून राहणं. दोन्ही चुकीचं. माझं मत विचाराल तर बर्फ, बँडेज वगैरे सगळं ठीक आहे पण ती निव्वळ सुरुवात आहे, खरं काम तिसऱ्या-चौथ्या दिवशी सुरू होतं आणि नेमकं तेच लोक टाळतात कारण तोपर्यंत दुखायचं कमी झालेलं असतं. मग सहा महिन्यांनी तोच पाय परत मुरगळतो आणि 'माझा हा घोटा जरा वीकच आहे' असं ऐकायला मिळतं.

पहिली दहा मिनिटं

पडलात की लगेच उठू नका. आजूबाजूचे लोक हाताला धरून उठवायला बघतात, त्यांना हात जोडा आणि दोन मिनिटं बसून रहा. सुरुवातीची जोरात कळ थोडी कमी झाली की पाय बघायचा. पाऊल वेडंवाकडं दिसतंय का, हाड कातडीतून बाहेर आलंय का, बोटं गार-निळी पडलीयत किंवा बधिर झालीयत का, यातलं एक जरी असलं तर घरगुती काही करायचं नाही, पाय आहे तसाच आधार देऊन ठेवायचा आणि १०८ ला फोन किंवा सरळ हॉस्पिटल.

घरी असाल तर चप्पल-बूट, मोजे, पैंजण, जोडवी लगेच काढा, सूज चढली की जोडवी निघता निघत नाहीत. पण ट्रेकवर असाल आणि खाली उतरायला अजून दोन तास असतील तर बूट काढू नका, कारण एकदा काढला की सुजलेला पाय परत आत जाणार नाही, नाडी जरा सैल करून बूट तसाच ठेवा, बोटं हलतायत का आणि मुंग्या येतायत का ते मधून मधून बघा. सॅक दुसऱ्याकडे द्या आणि काठी घ्या. 'मी उचलतो, मी उचलतो' वाले लोक ओल्या उतारावर कुणाला पाठुंगळी घेतात आणि मग एकाच्या जागी दोघं पडतात. पायावर अजिबातच उभं राहता येत नसेल तर थांबून मदत बोलवणं बरं.

पडताना खरचटलं असेल तर आधी वाहत्या पाण्याखाली ती जखम नीट धुवा, माती-खडे राहू देऊ नका, आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन पाच वर्षांपेक्षा जास्त झाली असतील आणि जखम मातीने भरलेली असेल तर डॉक्टरांना त्याबद्दल विचारा.

फ्रॅक्चर आहे का हे घरी कसं ताडायचं

हा भाग नीट वाचा कारण सगळ्यांची भीती हीच असते. कॅनडातल्या ओटावा शहरात इयन स्टील नावाच्या डॉक्टरांच्या टीमने १९९२ मध्ये घोट्याच्या एक्स-रेसाठी साधे नियम तयार केले, ते आज जगभर इमर्जन्सीमधे वापरतात. त्यासाठी मशीन लागत नाही, फक्त अंगठा लागतो.

घोट्याच्या दोन्ही बाजूंना जी हाडाची गाठ असते ती बोटाने शोधा. बाहेरच्या गाठीच्या सगळ्यात खालच्या टोकावर अंगठा ठेवा आणि दाबा, मग त्याच हाडाच्या मागच्या कडेने वर वर सरकत साधारण ६ सेंटीमीटरपर्यंत, म्हणजे जवळजवळ चार बोटं वरपर्यंत, दाबत जा. हाडावरच दाबायचंय, समोरच्या मऊ सुजेवर नाही, ती तर दुखणारच. आता तसंच आतल्या बाजूच्या गाठीवर. मग पावलाच्या बाहेरच्या कडेवर करंगळीपासून टाचेकडे हात फिरवत या, बरोबर मध्यावर एक उंचवटा लागतो, तो दाबा. शेवटी आतल्या बाजूला, घोट्याच्या थोडं पुढे आणि खाली, कमानीच्या वर एक हाड वर आलेलं असतं, ते दाबा. या चारपैकी कुठेही हाडावर दाबल्यावर दुखलं तर एक्स-रे काढा.

आणि पाचवी गोष्ट म्हणजे चार पावलं. पडल्यावर लगेच चार पावलं टाकता आली का, आणि आत्ता येतायत का? लंगडत टाकली तरी चालतात, मोजताना लंगडणं माफ आहे. दोन्ही वेळेला जमलं नसेल तर एक्स-रे.

हाडावर दुखत नाही आणि चार पावलं टाकता येतायत तर फ्रॅक्चर असण्याची शक्यता खूप कमी, घरी सांभाळता येईल. पण लहान मुलं, वय झालेली माणसं, हाडं ठिसूळ असलेले, दारू प्यायलेला माणूस, किंवा शुगरमुळे ज्यांच्या पायाला बधिरपणा आहे अशांच्या बाबतीत या अंगठ्याच्या टेस्टवर विसंबू नका कारण त्यांना दुखतंय ते नीट कळतच नाही किंवा सांगता येत नाही. शुगरवाल्यांसाठी तर मी वेगळंच सांगेन, पाय सुजलाय, लाल आहे, हाताला गरम लागतोय आणि तरी फारसं दुखत नाहीये, असं असेल तर एक दिवससुद्धा थांबू नका.

अजून एक. मुरगळताना टाचेच्या वर मागच्या बाजूने कुणीतरी दगड मारल्यासारखं वाटलं, 'फट्' आवाज आला आणि आता चवड्यावर उभं राहता येत नाही, तर हे मुरगळणं नाही, टाचेची शीर (पोटरीला टाचेशी जोडणारी जाड दोरी, अकिलीस टेंडन) तुटलेली असू शकते, ऑर्थोपेडिककडे त्याच दिवशी जा.

पहिले दोन-तीन दिवस

बर्फ, विश्रांती, दाब, पाय वर, हे सूत्र अमेरिकेतल्या गेब मर्किन या डॉक्टरांनी १९७८ मध्ये मांडलं आणि ते सगळीकडे पाठ झालं. पुढे २०१४ मध्ये याच मर्किननी स्वतः लिहिलं की बर्फ आणि पूर्ण विश्रांती यांनी भरून येणं उलट लांबू शकतं. म्हणजे काय, बर्फ दुखणं कमी करायला चांगला आहे पण तो औषध नाहीये, दिवसभर पाय बादलीत बुडवून बसलात म्हणून लवकर बरं होणार नाही. मी पहिले दोन दिवस दुखत असेल तेव्हा बर्फ लावायला सांगेन, १५ ते २० मिनिटं, दोन-तीन तासांनी. बर्फाचे तुकडे पिशवीत घालून वर ओला पंचा गुंडाळा, फ्रीजरमधलं मटारचं पाकीट तर सगळ्यात भारी कारण ते घोट्याभोवती नीट बसतं. कातडीवर डायरेक्ट बर्फ नको, बर्फानेही भाजतं. बर्फ नसेल तर माठातल्या पाण्याची घडी ठेवा. पाय बधिर असणाऱ्यांनी बर्फाच्या वाटेला जाऊ नये.

पाय वर ठेवणं म्हणजे खुर्चीवर बसून समोरच्या स्टुलावर ठेवणं नव्हे, त्याने पाय छातीच्या खालीच राहतो. आडवं व्हायचं आणि पायाखाली दोन उशा किंवा लोड घ्यायचा म्हणजे पाऊल छातीच्या वर जातं. आणि वर ठेवलेला असतानाच बोटं हलवत रहा.

आता क्रेप बँडेज. हे बहुतेक घरात असतं आणि बहुतेक घरात चुकीचं बांधतात, घोट्याभोवती पाच-सहा वेढे घट्ट मारतात आणि मग खाली पाऊल फुगतं वर पोटरी मोकळी. १० सेंटीमीटर रुंदीचं घ्या. पाऊल नडगीशी काटकोनात ठेवा, पाऊल खाली लोंबकळत असताना बांधू नका. बोटांच्या मुळापासून सुरुवात करा, बोटं उघडी ठेवा. पहिले दोन वेढे चवड्याभोवती. मग पावलाच्या वरून तिरकं घोट्याकडे, घोट्यामागून फिरवून पुढे, परत पावलाच्या वरून तिरकं खाली आणि तळव्याखालून वर, म्हणजे इंग्रजी आठचा आकडा होतो. तळव्याखालून जाताना पट्टी आतल्या बाजूकडून बाहेरच्या बाजूला न्यायची आणि बाहेरून वर खेचायची, त्याने पाऊल परत आत वळायला बघत नाही. प्रत्येक वेढा आधीच्यावर अर्धा चढला पाहिजे. खाली थोडं घट्ट, वर जाताना सैल, आणि पोटरीच्या सुरुवातीला संपवा. टाच बाहेर डोकावत असेल तर सोडून परत बांधा, त्या भोकातूनच सूज बाहेर येते.

बांधून झालं की अंगठ्याचं नख दाबून सोडा, पांढरं झालेलं नख दोन सेकंदांत परत गुलाबी झालं पाहिजे. मुंग्या आल्या, बोटं गार पडली, ठणका वाढला तर लगेच सोडा. रात्री झोपताना काढून ठेवा.

गोळी घ्यायची तर मोठ्या माणसाला पॅरासिटामॉल ५०० किंवा ६५०, दोन डोसांत सहा तास अंतर ठेवून, आणि दिवसाला ३ ग्रॅमच्या वर जाऊ नका. लिव्हरचा त्रास असेल तर तीही विचारूनच. आयब्युप्रोफेन घ्यायची असेल तर जेवणानंतर, आणि अल्सर, किडनी, दमा, रक्त पातळ करायच्या गोळ्या किंवा प्रेग्नन्सी यातलं काही असेल तर डॉक्टरांना न विचारता नाही. पावसाळ्यात अंगात ताप असेल तर तर अजिबातच नाही, डेंग्यू असला तर रक्तस्राव वाढू शकतो. आणि कॉम्बिफ्लॅममधे दोन्ही असतात हे लक्षात ठेवा, लोक ती घेतात आणि वरून डोलोही घेतात. त्यापेक्षा डायक्लोफिनॅक असलेलं जेल दिवसातून तीन-चार वेळा हलक्या हाताने लावलं तर पोटाला त्रास न होता बऱ्यापैकी काम होतं. जेल लावून वर गरम पाण्याची पिशवी ठेवू नका.

आता आजीचे उपाय. आंबेहळद-तुरटीचा लेप, रक्तचंदन उगाळून लावणं, निर्गुडीच्या पाल्याचा शेक. लेप गार किंवा कोमट असेल आणि कातडी फुटलेली नसेल तर लावा, आजीही खूष आणि पायही दोन तास एका जागी राहतो, जो यातला मोठा फायदा आहे असं मला वाटतं. शेक मात्र पहिले दोन-तीन दिवस नको, सूज वाढते, नंतर कडकपणा वाटतो तेव्हा करा. मालिशही पहिले दोन-तीन दिवस नको. आणि हाडवैद्याकडे जाऊन 'कट्' आवाज काढून घेणं तर कधीच नको, मुरगळण्यात हाड जागेवरून हललेलंच नसतं तर बसवणार काय? पायाळू माणसाकडून लाथ मारून घेण्याचा उपाय कमरेच्या उसणीसाठी सांगतात, तो तरी घोट्यावर कुणी करू नये.

दोन-तीन दिवसांनी नीळ खाली टाचेकडे, बोटांकडे उतरते आणि लोक घाबरतात की आता बोटांनाही लागलंय. तसं काही नाही, आतलं रक्त वजनाने खाली उतरतं, मग हिरवट-पिवळं होऊन जातं.

तिसऱ्या दिवसापासून

चालायला सुरू करा. दुखणं दहापैकी तीनपर्यंत असेल तर चालू ठेवायचं, त्याच्या वर गेलं किंवा दुसऱ्या दिवशी सूज वाढलेली दिसली तर थोडं कमी करायचं. काठी दुखऱ्या पायाच्या उलट्या हातात धरायची, सगळे त्याच बाजूच्या हातात धरतात. जिन्यावर चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. घरात स्लीपर घालून फटक फटक चालू नका, मागे पट्टा असलेली सँडल किंवा बूट घाला. मांडी घालून बसणं आणि भारतीय पद्धतीचा संडास काही दिवस अवघड जातो, प्लॅस्टिकचं कमोड स्टूल मिळतं ते आणा, त्यात लाज कसली.

व्यायामाचं सांगतो. बसून पाय लांब करा आणि अंगठ्याने हवेत अक्षरं काढा, क ख ग घ पासून ज्ञ पर्यंत, मोठी मोठी. गुडघा हलवायचा नाही, फक्त पाऊल. दिवसातून तीन वेळा. आपल्या अक्षरांमधे इतके गोल आणि वळणं आहेत की घोटा सगळ्या दिशांनी फिरतो, ळ आणि क्ष काढताना तर बरोबर कळतं कुठली बाजू आखडलीय. त्यासोबत पंचा चवड्याला अडकवून दोन्ही टोकं आपल्याकडे ओढा, पोटरी ताणली जाईल, ३० सेकंद धरा, तीन वेळा.

आठवड्याच्या आसपास, चालणं बऱ्यापैकी झालं की ताकद. पावलाची बाहेरची कड भिंतीला किंवा पलंगाच्या पायाला टेकवून बाहेर ढकला, पाच सेकंद, दहा वेळा. हे बाहेर ढकलणारे स्नायू सगळ्यात महत्त्वाचे कारण पाऊल आत वळायला लागलं की तेच त्याला धरतात. मग ओट्याला धरून दोन्ही चवड्यांवर उभं राहणं, हळूहळू खाली येणं, १५ वेळा जमायला लागलं की एका पायावर.

आणि मग ती गोष्ट जी कुणी करत नाही, तोल. लिगामेंटमधे पाऊल कुठे कसं वळलंय हे मेंदूला कळवणाऱ्या नसा असतात, लिगामेंट फाटलं की ही खबर पोचायला उशीर होतो, म्हणजे पाऊल वळतं आणि तुम्हाला कळेपर्यंत तुम्ही खाली असता. तोलाचा सराव केला की पुन्हा मुरगळण्याचं प्रमाण कमी होतं हे बऱ्याच अभ्यासांतून दिसलंय. दात घासताना दुखऱ्या पायावर उभे रहा, बेसिनला एक बोट टेकवून. ३० सेकंद जमलं की बोट काढा, मग डोळे मिटा (मिटून बघा एकदा, चांगल्या पायावरही कशी तारांबळ उडते), मग घडी केलेल्या रजईवर, मग उभ्या उभ्या कुणालातरी चेंडू टाकायला सांगून झेला. ओल्या बाथरूमच्या फरशीवर हे प्रयोग करू नका. दुखायचं थांबलं तरी हे दीड-दोन महिने चालू ठेवा.

कामावर, गाडीवर, गडावर

साधं ताणलं गेलं असेल तर एक-दोन आठवड्यांत रोजची कामं होतात, थोडं फाटलं असेल तर तीन ते सहा आठवडे, पूर्ण फाटलं असेल तर दोन-तीन महिने आणि त्यात फिजिओथेरपिस्ट पाहिजेच. संध्याकाळी थोडी सूज येणं कितीतरी आठवडे चालतं, तेवढ्याने घाबरू नका.

गियरच्या बाईकला डावा पाय गियरला आणि उजवा मागच्या ब्रेकला लागतो, त्यामुळे कुठलाही मुरगळला तरी अडतंच. गाडी स्टँडवर असताना जोरात ब्रेक दाबून बघा, चवड्याने गियर वर उचलून बघा, कळ आली तर अजून नाही. स्कूटरवाल्यांना वाटतं आपलं हातानेच सगळं होतं, पण सिग्नलला गाडी कलते तेव्हा ती पेलायला तोच पाय खाली टेकावा लागतो. लोकल पकडायची असेल तर काही दिवस धावती पकडणं सोडा आणि गर्दीची वेळ टाळा, उतरताना मागून येणारा लोंढा तुमचा पाय बघत नाही.

पळायचं किंवा ट्रेकला जायचं तर आधी ही परीक्षा, दुखऱ्या पायावर दहा लंगड्या उड्या न दुखता मारता आल्या पाहिजेत आणि चांगल्या पायाइतक्याच लांब. मग सरळ रस्त्यावर पळा, मग मैदानात आठच्या आकड्यात पळा. पहिलाच ट्रेक हरिश्चंद्रगडाच्या नळीच्या वाटेने करू नका, राजमाचीसारखी सपाट लांब वाट बघा. लेस असलेला किंवा पट्ट्यांचा अँकल ब्रेस वर्षभर खेळताना आणि ट्रेकला घाला, त्याने पाय कमजोर होतो ही समजूत चुकीची आहे, व्यायाम सोडून फक्त ब्रेसवर राहिलात तर होईल. चढताना फार कुणाचा पाय मुरगळत नाही, उतरताना, दमलेलं असताना, बोलत बोलत चालताना मुरगळतो, म्हणून उतरायच्या आधी पाणी-खाऊ करून पाच मिनिटं बसा आणि नाडी परत आवळा.

मधेच कधी पोटरी सुजली, गरम झाली, दाबल्यावर दुखायला लागली तर ते घोट्याचं नाही, रक्ताची गुठळी असू शकते, त्याच दिवशी दाखवा, आणि सोबत धाप लागत असेल तर १०८.

सहा आठवडे झाले तरी दुखतंय, पायरी उतरताना घोटा 'सुटल्यासारखा' वाटतो, सपाट रस्त्यावरही वळतो, किंवा दुखणं घोट्याच्या वर नडगीकडे आहे आणि पोटरी दोन्ही बाजूंनी दाबली की खाली कळ जाते, तर ऑर्थोपेडिकला दाखवा, आतल्या एखाद्या लिगामेंटची किंवा कूर्चेची (सांध्यातल्या गादीची) इजा लक्षात यायची राहून गेलेली असू शकते. जाताना जुना एक्स-रे आणि रोजचे बूट दोन्ही घेऊन जा, बुटाची बाहेरची कड झिजलेली असेल तर डॉक्टरांना ते दाखवा आणि तो बूट आता बदला.